जावा सात आणि काट्यावरचे मामा

मलकापूरच्या एका जिनिंगमधला कॉम्प्युटर मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आतून उशी निघाली. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी बुलढाण्याला घरी यावं. मी दुपारी तिच्यावरच डोकं ठेवतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. हंगामात तिथल्या हवेत रुई एवढी उडते, की सकाळी काळे केस घेऊन कामावर गेलेला माणूस संध्याकाळी पांढरा होऊन परततो. एकाला तर त्याच्या बायकोनेच दारात वाकून नमस्कार केला. तिला वाटलं, सासरे आले.

अशा हवेत कॉम्प्युटर जिवंत ठेवणं हा माझा धंदा होता. आता निवृत्त झालो. धंद्याचं नाव विचाराल तर सॉफ्टवेअर मेंटेनन्स. सोप्या भाषेत, दुसऱ्याने जन्माला घातलेलं लेकरू आपण सांभाळायचं आणि ते रडलं की आपणच शिव्या खायच्या. आमच्या जिल्ह्यातली बहुतेक सॉफ्टवेअरं गेलेल्या माणसांनी लिहिलेली होती. गेलेल्या म्हणजे पुण्याला. एकदा माणूस पुण्याला गेला की त्याचा फोन लागतो, पण तो लागत नाही.

ही सॉफ्टवेअरं ज्या भाषेत लिहिली होती तिचं नाव जावा. ती शाळेसारखी असते; दर काही वर्षांनी वरच्या वर्गात जाते. पाचवी, सहावी, सातवी. प्रत्येक वर्गात नव्या सोयी येतात. जगात जेव्हा आठवीचा गाजावाजा चालला होता, तेव्हा माझी गिऱ्हाइकं सहावीत बसली होती. मला मात्र आठवीचं कौतुक नव्हतं. माझा जीव सातवीवर. लोक जसं एखाद्या जुन्या बैलाबद्दल बोलतात तसं मी सातव्या आवृत्तीबद्दल बोलायचो, आणि लोक उठून जायचे.

तिची एक सोय सांगतो, म्हणजे कळेल. डोणगावात एक धान्याचे व्यापारी होते. त्यांच्या प्रोग्राममध्ये मालाला नावं नव्हती, नंबर होते. तूर एक, सोयाबीन दोन, हरभरा तीन. कारण सहावीपर्यंत प्रोग्रामला फाटे फोडायचे तर नंबरावरूनच फोडता यायचे. नावावरून वाट काढायला मोठी लांबण लागायची आणि लिहिणारा पुण्याला जायच्या घाईत होता. एक दिवस एकाऐवजी तीन दाबला गेला आणि एका शेतकऱ्याची ट्रॉलीभर तूर कॉम्प्युटरात हरभरा होऊन बसली. तो माणूस दुकानासमोर उभा राहून ओरडत होता, "माह्या तुरीचा हरभरा कोणं केला बे?" अख्खा बाजार जमला. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात हे ऐकलं होतं, पण तुरीलाच चढवल्याचं डोणगावात पहिल्यांदा घडलं. सातवी आवृत्ती म्हणाली, नंबर कशाला, सरळ 'तूर' लिहा, मी ओळखते. मी तसं करून दिलं. शेतकऱ्याने जाताना मला मूठभर तूर दिली. नीट निरखून घेतली, तूरच होती.

पण सातवीची खरी करामत मलकापूरच्या त्या उशीवाल्या जिनिंगमध्ये पाहायला मिळाली, आणि तिथे प्रश्न तुरीचा नव्हता, एका बाईच्या खुर्चीचा होता.

जिनिंगचे मालक गोकुळशेठ. त्यांच्या फाटकातून आत आलं की पहिल्यांदा लागतो काटा. जमिनीपासून जेमतेम वर असा लोखंडी ओटा, त्यावर अख्खी ट्रॉली उभी राहते आणि शेजारच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन उमटतं. भरलेली ट्रॉली मोजायची, मग ती आत कापूस ओतून येते, मग रिकामी मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. शेतकऱ्याचं नशीब आणि शेठचा धंदा, दोन्ही त्या फरकावर उभे.

केबिनमध्ये सकाळपाळीला रेखाताई बसायच्या आणि दुपारनंतर बबन. रेखाताई याच जिनिंगमध्ये सरकी झाडायला लागल्या होत्या. झाडता झाडता काट्याचे आकडे वाचायला शिकल्या, मग लिहायला, मग की-बोर्डवर बोटं चालवायला. त्यांचा आवाज असा होता, की केबिनमधला माइक बिघडलाय हे आम्हाला दोन हंगाम कळलंच नाही.

एक दिवस गोकुळशेठचा फोन आला.

"सर, तुमचं मशीन बाईमाणसाले पाहून लटकते काय?"

"का हो शेठ?"

"बबनच्या पाळीत एकडाव नाई लटकत. अन् ते बाई बसली की दुपार नाई होत त मशीन गपगार. ट्रॉल्यांची लाइन हायवेलोक जाते. मी सोमवारपासून बबनलेच दिवसभर बसवतो. बाईले धाडतो परत सरकीवर."

मी मोटारसायकल काढली. बुलढाणा वर पठारावर, मलकापूर खाली. मधला राजूरचा घाट मी इतक्या वेळा उतरलोय की मोटारसायकल वळणं आपली आपण घ्यायची. मी मागे बसून डबा खायचो.

केबिनमध्ये पोचलो तर रेखाताईंना सगळं कळलेलं होतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"सर, मशीन तुमचं, खुर्ची शेठची, सारं खरं," त्या म्हणाल्या. "पण मी पुन्हा झाडू हाती घेणार नाई. घरी बसीन. झाडू नाई."

एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या, कारण काट्यावर ट्रॉली आली होती. मी स्टुलावर बसून दिवसभर नुसतं पाहायचं ठरवलं. आमच्या धंद्यात ही सगळ्यात अवघड गोष्ट. गिऱ्हाइकाला वाटतं, हा काही करत नाही.

ट्रॉली थांबली. काटा असा होता, की वजन स्थिर झालं की आपोआप पकडायचा. आकडा उमटला. आणि त्याच क्षणी ट्रॉलीवरच्या कापसाच्या ढिगातून एक मामा उगवले. आडवे पडले होते, आता उठून बसले. डोक्याला उपरणं, हातात पानाचा डबा.

रेखाताई गरजल्या, "ओ मामा! खाली उतरा. कापूस व्हय का तुमी?"

"चढाले लई तकलीफ झाली ना ताई. बसू दे."

"बसा ना. जिनातून गाठ होऊन निंगसान. मंग जासान कोइंबतूरच्या मिलले."

मामा उतरले. त्यांच्यामागून कापसातून आणखी दोन भाचे आणि एक सायकल निघाली. रेखाताईंनी पहिलं वजन रद्द केलं आणि 'पुन्हा मोजा' दाबलं.

हे ट्रॉलीमागून ट्रॉली चाललं होतं. आमच्याकडे कापूस कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत घरचे येतात, शेजारचे येतात, मलकापुरात दवाखान्याचं काम असणारे येतात, आणि ज्यांना रेल्वे बघायची आहे तेही येतात. येताना सगळे ट्रॉलीवर आणि जाताना सगळे बाजारात. म्हणजे भरलेल्या वजनात माणसं, रिकाम्यात नाहीत. फरक जातो कापसाच्या खात्यावर. रेखाताई प्रत्येकाला उतरवायच्या, रद्द करायच्या, पुन्हा मोजायच्या. एखाद्या शेतकऱ्याला वजन कमी वाटलं, "ताई, एकडाव अजून पाहा ना," म्हणाला, तरी रद्द, पुन्हा मोजा. आणि जेवणं होऊन थोडा वेळ गेला तसा पडद्यावर तो फिरणारा गोल आला आणि फिरतच राहिला. मशीन लटकलं. हायवेवरून हॉर्न सुरू झाले.

मग बबनची पाळी. बबन मनाने चांगला होता. त्याने आल्या आल्या कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मशीन सुतासारखं सरळ. ट्रॉली आली, वजन उमटलं, मामा उगवले. बबनने हात हलवून "या मामा" केलं आणि ट्रॉली आत सोडली. रद्द करायचा प्रश्नच नाही. थोड्या वेळाने तो तंबाखूची पुडी थुंकायला उठला आणि उठताना कॉम्प्युटर परत बंद.

"बंद कशाला केलास रे?" मी विचारलं.

"तापते ना सर. बैलाले बी मधात दम खाऊ द्या लागते."

तो दर थुंकीला बैलाला दम खाऊ देत होता. तिथेच मला रोग सापडला.

जाणकार नसलेल्या वाचकांसाठी रोग असा. प्रत्येक वजनाच्या वेळी प्रोग्राम माहितीच्या कोठाराशी एक जोडणी उघडायचा. अशा जोडण्या मोजक्याच असतात. त्या जिनिंगसमोरच्या चहावाल्याच्या ग्लासांसारख्या समजा. माणूस चहा पितो, ग्लास परत ठेवतो, दुसरा घेतो, ठीक. पण कोणी चहा घेऊन कापसाच्या गंजीकडे गेला, मध्येच कोणी हाक मारली आणि ग्लास गंजीवरच राहिला, तर एक ग्लास कमी. असे राहत गेले की दुपारी चहा उकळतोय, गिऱ्हाईक उभं आहे, आणि ग्लास एकही नाही. पुण्याला गेलेल्या गृहस्थाने, वजन सुरळीत झालं तर ग्लास परत ठेवायची व्यवस्था केली होती. वजन मध्येच रद्द झालं तर ग्लास गंजीवर. रेखाताईंच्या प्रत्येक 'रद्द'ला एक ग्लास जात होता. बबन रद्द करतच नव्हता, आणि वर तासातासाला दुकान बंद करून सगळे ग्लास गोळा करत होता.

म्हणजे जो न पाहता मोजत होता त्याच्या हाताला यश होतं, आणि जी डोळे उघडे ठेवून मोजत होती तिच्या नावाने बोंब.

मी हे सगळं शेठना ग्लासासकट समजावलं. शेठनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे बाई फिरून फिरून मोजते म्हणून लटकते."

"तसंच, पण..."

"मंग सोपं हाय. ए बाई!" शेठ रेखाताईंना कधी नावाने हाक मारत नसत. "फिरून नको मोजत जाऊ. एकडाव मोजलं, झालं."

रेखाताई केबिनच्या दारात उभ्या होत्या.

"चुकलं हाय हे डोयाले दिसते, तरी चिठ्ठी फाडून हाती देऊ?" त्या म्हणाल्या. "मंग काटा कायले पाह्यजे शेठ? मी नजरेनंच सांगत जाईन. वीजबी वाचन."

शेठ माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "शेठ, प्रोग्राम सातवीत घालतो."

"सहावीत चांगला हाय ना?"

"सातवीत ग्लासाला साखळी आहे."

तुम्ही सार्वजनिक पाण्याच्या टाकीवर पाहिला असेल, नळाला साखळीने बांधलेला ग्लास. पाणी प्या, अर्धं प्या, सांडा, हाक आली म्हणून पळा, ग्लास जागेवर. सातव्या आवृत्तीची ही सगळ्यात मोठी सोय. काम सुरू करतानाच कंसात सांगून ठेवायचं, की ही जोडणी मी उघडतोय. मग काम नीट संपो, रद्द होवो, की मध्येच फिसकटो. जोडणी आपोआप मिटते. आधी हे मिटवणं प्रत्येक ठिकाणी हाताने लिहावं लागे आणि माणूस तिथेच विसरे. ज्याने ही सोय काढली त्याचा फोटो प्रत्येक काट्यावर लावावा, असं मी एकदा मेहकरला एका लग्नात बोललो होतो. नवरदेवाने माइक काढून घेतला.

"आठवी निंगाली म्हणते दुनियेत," शेठ म्हणाले. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. "मंग सातवीत कायले?"

"तुमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे. आठवी त्याला झेपत नाही."

"भर हंगामात हात लावता? चालू गाडीचं चाक बदलता?"

"उद्या दुपारी तुम्हीच येऊन बघा."

"पाहातो. लटकलं त सोमवारची वाट नाई पाहाणार. परवापासून बाई सरकीवर," शेठ म्हणाले आणि निघाले. रेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आत मी सातवी चढवली, जिथे जिथे जोडणी उघडत होती तिथे तिथे साखळी लावली. सगळं झकास. पहिली ट्रॉली काट्यावर आली. आकडा उमटला, शून्य.

"सर," रेखाताई म्हणाल्या, "कापूस हाय का हवा?"

ड्रायव्हर पण ट्रॉलीत वाकून बघायला लागला. मला घाम फुटला. तो एवढा होता, की खालची रुई ओली झाली. मग लक्षात आलं. काट्याची वायर आणि जावा यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो, एक लहानशी फाइल. तो सहावीच्या घरात राहत होता. मी सातवीचं घर बांधलं, वास्तू केली, पण दुभाष्याला आणायचं राहिलं. काटा ओरडून वजन सांगत होता आणि नव्या घरात त्याची भाषा कोणाला कळत नव्हती. मी दुभाष्याला उचलून नव्या घरात बसवलं. आकडा उमटला. ड्रायव्हर म्हणाला, "आला कापूस."

मग सुरू झाली मामांची रांग. रेखाताई कालच्यापेक्षा जास्त कडक. रद्द, पुन्हा मोजा. एक शेतकरी तर वजन तिसऱ्यांदा बघून म्हणाला, "ताई, आता पटलं; तुमीच दमसान." मशीन चालत होतं. पण नेहमी सकाळीही चालायचंच. खरी वेळ दुपारची.

जेवणं झाली आणि गोकुळशेठ आले. मागून पाळीसाठी बबनही आला. केबिनमध्ये जागा नव्हती म्हणून मी शेठना बाहेर घेऊन उभा राहिलो आणि वेळ काढायला सातवीच्या बाकीच्या सोयी सांगायला लागलो. मनातून मी खिडकीकडे कान लावून होतो, पण तोंड थांबवणं माझ्या हातात कधीच नव्हतं.

"मोठा आकडा लिहिताना मधात आडवी रेघ देता येते शेठ. लाखानंतर एक, हजारानंतर एक. साहेबलोक तीन-तीन आकड्यांवर देतात, आपण आपल्या हिशेबाने द्यावी. ती कुरकुर करत नाही. दोन वेगळ्या चुका एकाच ओळीत पकडता येतात..."

शेठ मान हलवत होते. एक ट्रॉली आमच्या मागून हळूच येऊन थांबली. मी हातवारे करत पुढे बोलत होतो. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"सर, उतरा काट्यावरून."

मी खाली पाहिलं. ओट्यावर उभा होतो. टुणकन उतरलो.

"शेठ, तुमीबी."

जिनिंगची यंत्रं क्षणभर हळू झाली, असं मला आजही वाटतं. शेठ हलले नाहीत.

"मी?"

"हाव. तुमी अन् सर, दोघंबी कापसात मोजून गेले. या भाऊले काही नाई म्हणाचं, त्याचा फायदाच हाय. तुमीच तुमाले इकत घेऊन राह्यले."

ट्रॉलीवाला हळूच म्हणाला, "राहू द्या ना ताई, मालक हायेत."

शेठ माझ्याकडे पाहून मग बबनकडे वळले. "असं रोज होते?"

"माह्या पाळीत नाई होत," रेखाताई म्हणाल्या.

"बबन?"

बबनने पुडी गालात सरकवली. "मी त असं समजलो शेठ, जे ट्रॉलीसंग आलं ते ट्रॉलीचं."

शेठच्या चेहऱ्यावर किती हंगामांचे मामा, मेव्हणे, भाचे आणि सायकली सरकून गेल्या, ते मी मोजलं नाही. ते काट्यावरून खाली उतरले. स्वतःच्या काट्यावरून, स्वतःच्या पायाने.

रेखाताईंनी 'रद्द' दाबलं. आम्ही तिघं आणि ट्रॉलीवाला खिडकीत डोकी घालून उभे. पडद्यावर तो गोल आला. एक फेरी फिरला. मी श्वास धरला. राजूर घाट एका दमात चढता आला असता, एवढा धरला. गोल गेला. 'पुन्हा मोजा'. नवा आकडा उमटला, आधीपेक्षा कमी. आणि त्याच क्षणी ट्रॉलीवरच्या कापसातून एक मामा उगवले.

"झालं का?" त्यांनी डोळे चोळत विचारलं.

रेखाताई तोंड उघडणार, तेवढ्यात गोकुळशेठ पुढे झाले.

"मामा, उतरा खाली," ते म्हणाले. "ताई मोजून राह्यल्या."

मामा उतरले. ताईंनी रद्द केलं, पुन्हा मोजलं. मशीन चालत राहिलं, ते पार बबनच्या पाळीतही, कारण बबनला आता पुडी थुंकायला उठायची हिंमत होत नव्हती.

या गोष्टीला बराच काळ झाला. जावा आता विशीच्या पुढे गेली, कॉलेजात जाणाऱ्या पोरीसारखी. तिच्या नव्या सोयी वाचताना मला अर्ध्या कळतात आणि उरलेल्या अर्ध्यांचं वाईट वाटतं, की माझ्या हाताला त्या लागल्या नाहीत. मलकापूरच्या त्या केबिनमध्ये मात्र अजून सातवीच आहे. मधे कधी घाट उतरलो की शेठना सांगतो, आता बदलायला पाहिजे, धोक्याचं आहे, जग कुठल्या कुठे गेलं. शेठ म्हणतात, "मले काऊन विचारता? ताईले विचारा."

मी खिडकीपाशी जाऊन सगळं पुन्हा समजावतो, नव्या आवृत्त्यांची नावं घेतो, हातवारे करतो. रेखाताई शांतपणे ऐकून घेतात.

"लटकते का?" त्या विचारतात.

"नाही."

"मंग उतरा काट्यावरून. मांगं ट्रॉली उभी हाय."